पाळण्यावरचा एकच चिंचोका

मी एक जुने सूप आहे. मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहाल तेव्हा तुम्हाला हसू येईल, कारण माझ्या पाठीवर माझाच फोटो चिकटवलेला आहे. बिस्किटाच्या डब्यावर बिस्किटाचे चित्र असते, तसे सुपावर सुपाचे चित्र! निपाणीच्या एका गल्लीत एक लहानसे पाळणाघर आहे. त्याच्या भिंतीवर, मुलांचा हात पोहोचणार नाही पण नजर पोहोचेल अशा उंचीवर एक खिळा आहे. त्या खिळ्याला मी असतो. रोज सकाळी एखादे तरी पोर माझ्याकडे बोट करून विचारते, "ह्यो फोटो कुनाचा?"

हा फोटो माझ्या पाठीवर कसा आला, तीच माझी गोष्ट. तिच्यात थोडेसे रडू आहे. पण घाबरू नका, पुढे हसणे पुष्कळ आहे.

माझा जन्म गुंजीजवळच्या रानातला. तेव्हा मी सूप नव्हतो, बांबूच्या बेटातला एक सरळ, हिरवा बांबू होतो. स्टेशन फार लांब नव्हते. गाडी आली की तिची शिटी आमच्या पानांतून जाई आणि सगळे बेट सळसळे. मला वाटे, ती मलाच हाक मारते आहे. एक दिवस कोयता आला आणि मी खरेच निघालो. पण गाडीत बसून नव्हे, टेम्पोत आडवा पडून.

मनुबाई नावाच्या म्हाताऱ्या कारागीर बाईने मला घडवले. तिने मला उभा चिरला, तासला, माझ्या कागदासारख्या पातळ पट्ट्या काढल्या आणि त्या एकीखाली एक, एकीवर एक अशा विणत नेल्या. काठ दोरीने आवळून बांधला. मग बोटाच्या पेराने मला टकटक वाजवून पाहिले. आवाज तिला पसंत पडला असावा, कारण ती माझ्याशी बोलू लागली. एकटी काम करणारी माणसे वस्तूंशी बोलतात, हे तुम्हाला माहीत असेलच.

"हे बघ," ती म्हणाली, "तुझं काम लई अवघड न्हाय. ठेवायचं ते ठेवायचं, टाकायचं ते टाकायचं. फकस्त कुनाची भीड धरायची न्हाय."

भीड म्हणजे काय, ते तेव्हा मला कळले नाही. पुढे चांगलेच कळले.

निपाणीच्या आठवडी बाजारात यल्लव्वाने मला विकत घेतले. मी मनात म्हटले, आता ज्वारी पाखडायची, शेंगा निवडायच्या, संक्रांतीला तीळ! पण घरी गेल्यावर तिने माझ्यात काय ओतले, माहीत आहे? तंबाखूचा चुरा. मला शिंकता येत असते तर मी सात वेळा शिंकलो असतो. यल्लव्वा बिड्या वळणारी बाई होती. तिच्या गल्लीतल्या जवळजवळ सगळ्या बायका तेच काम करीत. सकाळची धुणीभांडी उरकली की त्या दारासमोर पोती अंथरून ओळीने बसत. प्रत्येकीच्या मांडीवर एकेक सूप. सुपात भिजवलेली आणि कापलेली पाने, तंबाखू, दोऱ्याची गुंडी. पान घ्यायचे, चिमूटभर तंबाखू पसरायची, वळायचे, टोक दुमडायचे, दोरा बांधायचा. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच बिडी तयार.

हात असे चालू असले की त्या बायका मोकळेपणाने बोलत. कुणाची मान वर नसे. कुणी कुणाच्या डोळ्यांत बघत नसे. त्यामुळे मनातले सगळे बाहेर येई. सासूबद्दल सून बोले, सुनेबद्दल सासू बोले, आणि दोघी शेजारी शेजारीच बसलेल्या असत! बाहेरचा माणूस आला की मात्र सगळ्या एकदम गप्प. मग "व्हय जी", "बरं जी", बस.

आणखी एक शब्द तुम्हाला सांगायला हवा. तो म्हणजे "छाट". संध्याकाळी बायका बिड्या घेऊन कारखान्यात जात. तिथे तपासणारा माणूस मूठभर बिड्या उचले, बोटांनी चाचपे, आणि ज्या त्याला पसंत नसत त्या बाजूला भिरकावून म्हणे, "छाट!" म्हणजे नापास. का नापास, हे विचारायची सोय नव्हती. आयुष्यभर त्या बायकांनी वळायचे आणि आयुष्यभर दुसऱ्या कुणी तरी छाट म्हणायचे. यल्लव्वा घरी येऊन मला झटकताना म्हणे, "एकदा तरी मला छाट म्हनायला गावंल का रं?"

यल्लव्वाच्या घरी मनिषा सून म्हणून आली. ती बोलायला हळू, पण हाताला चपळ होती. सासूला ती आत्ती म्हणे. दोन वर्षांनी तिला मुलगी झाली, तिचे नाव आरोही. आता मुलगी ठेवायची कुठे? घर एका खोलीचे. म्हणून मनिषा बिड्या वळताना आरोहीला शेजारी पोत्यावर बसवी. गल्लीतली सगळीच बाळे अशी वाढत होती, तंबाखूच्या धुरळ्यात, खोकत, शिंकत.

आरोही रांगायला लागली आणि एका दुपारी तिने माझ्या काठावरून हात घालून मूठभर तंबाखू उचलली. मी पाहिले. पण सुपाला ओरडता येत नाही, मित्रांनो. मनिषाने मान वर करेपर्यंत मूठ तोंडात गेली होती. मग उलट्या, पांढरे पडलेले ओठ, बायकांचा गलका. तेवढ्यात अप्पासाहेब आपली गाडी घेऊन आले आणि त्यांनीच आरोहीला दवाखान्यात पोहोचवले.

अप्पासाहेब म्हणजे आमच्या गल्लीतले वडीलधारे. दोन वेळा नगरपालिकेवर निवडून आलेले. कुणाच्या घरी लग्न असो वा आजार, ते उभे राहायचे. माणूस वाईट नव्हता. फक्त ते आले की त्यांच्यासाठी हातवाली खुर्ची यायची, आणि ती खुर्ची आली की बाकी सगळे थोडे लहान व्हायचे.

आरोही वाचली. चार दिवसांनी ती पुन्हा हसू लागली. पण मनिषा त्या दिवसापासून एकच गोष्ट बोलत राहिली.

"आत्ती, पोरांस्नी येगळी खोली पायजे. स्वच्छ. आपल्याला हितनं दिसंल अशी."

"खोली काय झाडाला लागती व्हय गं?" यल्लव्वा म्हणे. पण तिचाही हात तेवढ्यापुरता थांबे.

आणि एक दिवस खोली खरोखरच झाडाला लागायची वेळ आली! कुठल्यातरी लांबच्या थंड देशातल्या एका संस्थेने बिडी कामगार बायकांसाठी काहीतरी बांधून द्यायचे ठरवले होते. तिच्या बेळगावच्या कचेरीतून शाल्मली नावाची तरुण बाई आली. तिच्याबरोबर परदेशातून आलेल्या मार्ताबाई होत्या. उन्हाने लालबुंद झालेल्या, सारख्या हसणाऱ्या. शाल्मली म्हणाली, "काय बांधायचं ते आम्ही नाही ठरवणार. तुम्हीच ठरवायचं." बायकांनी एकमेकींकडे पाहिले. आजवर असे त्यांना कुणी म्हणाले नव्हते.

गल्लीच्या तोंडाशी मोकळ्या जागेत सभा भरली. शाल्मलीने जमिनीवर तीन चित्रे मांडली. एक सभागृहाचे, एक शिलाई मशीनचे, एक पाळण्याचे. प्रत्येक बाईला एकेक चिंचोका द्यायचा, आणि जे हवे त्या चित्रावर तिने तो ठेवायचा. लिहिता वाचता येवो न येवो, सगळ्यांना मत देता यावे म्हणून ही युक्ती. युक्ती चांगलीच होती. चिंचोके ठेवायला काहीतरी हवे म्हणून यल्लव्वाने मला पुसून पुढे केले. माझा ऊर भरून आला! तंबाखूशिवाय दुसरे काहीतरी पहिल्यांदाच माझ्यात आले होते. मार्ताबाईंनी माझा फोटो काढला. "हसा, हसा," असे शाल्मलीने सांगितल्यावर बायका हसल्या.

पण एक चूक झाली. ती कुणाच्या लक्षातच आली नाही. खुर्ची आली.

अप्पासाहेबांना बोलावणे होतेच. त्यांच्यासाठी कुणीतरी हातवाली खुर्ची आणली आणि सावली बघून ठेवली. सभागृहाचे चित्र बरोबर खुर्चीसमोर आले. शिलाई मशीनचे चित्र अलीकडे. आणि पाळण्याचे चित्र गेले खुर्चीच्या पलीकडे, भिंतीकडेला. पाळण्यापर्यंत जायचे तर अप्पासाहेबांच्या अगदी पुढून जावे लागणार. आणि आमच्या गल्लीतल्या सुना बसलेल्या वडीलधाऱ्यांच्या पुढून चालत नाहीत. पदर डोक्यावर घेतात आणि मागून वळसा घालतात. मागे होती भिंत.

शाल्मलीच्या पुस्तकात चिंचोके होते, चित्रे होती, पण खुर्ची नव्हती. तिला कसे कळावे?

एकेक बाई माझ्याजवळ येई, चिंचोका उचले, दोन पावले टाके, आणि खुर्चीच्या अलीकडेच थांबे. काहींनी सभागृहावर ठेवला. काहींनी शिलाई मशीनवर ठेवला, कारण मार्ताबाई तिथेच मांडी घालून बसल्या होत्या. एवढ्या लांबून आलेल्या पाहुणीचे मन कसे मोडायचे? यल्लव्वा आली. तिने पाळण्याकडे पाहिले, मग खुर्चीकडे. याच माणसाने आपली नात दवाखान्यात नेली होती. तिने चिंचोका सभागृहावर ठेवला आणि मान खाली घालून परतली.

शेवटी मनिषा. तिने पदर डोक्यावर घेतला, आरोहीला कडेवर घेतले, आणि सरळ खुर्चीपुढून चालत गेली. सगळी गल्ली बघत होती. पाळण्यावर तिने आपला चिंचोका ठेवला. एकच. काळाभोर, चकचकीत.

घरी गेल्यावर यल्लव्वा कडाडली, "आप्पांच्या म्होरनं चालत गेलीस? त्येंनी तुझी पोरगी वाचवली, ध्यानात हाय न्हवं?"

"हाय की आत्ती," मनिषा म्हणाली. "दुसऱ्यांदा वाचवायला लागू नये म्हनूनच गेले."

यल्लव्वाने मला मांडीवर ओढले. त्या संध्याकाळी तिने वळलेल्या बिड्या फार सैल झाल्या. बऱ्याच छाट झाल्या.

काही महिन्यांनी शाल्मली आली ती गुळगुळीत कागदाचे एक पुस्तक घेऊन. तो होता अहवाल. त्यात माझा फोटो अख्ख्या पानभर! मी सुखावलो, खोटे कशाला बोलू? पण पुस्तक सगळे इंग्रजीत होते. गल्लीत ते हातोहाती फिरले, सगळ्यांनी फोटो पाहिले, आपापली डोकी शोधली.

"पर ह्यात लिवलंय काय?" यल्लव्वाने विचारले. "आमच्यावरच लिवलंय न्हवं? मग वाचून दाव की."

शाल्मली पायरीवर टेकली आणि मराठीत सांगत गेली. "इथल्या महिलांनी सहभागी पद्धतीने, एकमताने सभागृहाची निवड केली. पुढच्या महिन्यात पायाभरणी…"

"थांबा," मनिषा म्हणाली. तिचे हात थांबले नव्हते. "एकमतानं म्हंजे?"

"म्हणजे… सगळ्यांनी मिळून."

"मग माझा चिंचोका कुठं गेला?"

शाल्मली गोंधळली. तिने पाने उलटली. मग हळूच म्हणाली, "एकच होता ना. म्हणून तो धरला नाही वाटतं."

यल्लव्वाने मान वर केली. कामाच्या वेळी मान वर करणारी ती बाई नव्हती. "म्हंजे छाट केलासा," ती म्हणाली.

शाल्मलीला छाट म्हणजे काय ते माहीत नव्हते. "ये, बस हितं," यल्लव्वाने पोत्यावर थाप मारली आणि मला उचलून शाल्मलीच्या मांडीवर ठेवले. "आदी एक बिडी वळ. मग समजंल."

मित्रांनो, बेळगावच्या शिकल्यासवरल्या बाईने वळलेली ती बिडी मी जन्मभर विसरणार नाही. एका बाजूला फुगलेली, दुसऱ्या बाजूला वाकलेली, मधून तंबाखू गळणारी.

"अगं बया, ही बिडी हाय का शेवग्याची शेंग?" एकजण म्हणाली.

"वाळली की वाजंल बघ, खुळखुळा म्हनून पोरांस्नी द्या!" दुसरी म्हणाली.

मनिषाने ती हातात घेतली, तपासणाऱ्याच्या थाटात दोन बोटांनी चाचपली आणि मागे भिरकावली. "छाट!"

गल्ली खदखदून हसली. शाल्मलीही हसली. पण दुसरी बिडीही छाट झाली, तिसरीही झाली, आणि का छाट हे कुणी सांगेना, तेव्हा तिचे हसू जरा कमी झाले. तिने माझ्यातल्या तंबाखूकडे बराच वेळ पाहिले.

त्यानंतर ती अधूनमधून दुपारी येऊ लागली. वही आणायची नाही, फोन पिशवीत ठेवायचा, मांडीवर सूप घ्यायचे आणि खाली मान घालून बसायचे. आठव्या का नवव्या दिवशी तिची पहिली बिडी पास झाली आणि तिला चहा मिळाला. त्याच दिवशी तिने मान वर न करताच विचारले, "आक्का, त्या दिवशी तुम्ही पाळण्यावर का नाही ठेवलात?"

दोनतीन बिड्या वळून झाल्या. मग यल्लव्वा म्हणाली, "आप्पांच्या खुर्चीम्होरनं कोन जानार?"

"खुर्ची?"

"खुर्ची की. तू चित्रं मांडलीस, आनि वाटंत खुर्ची मांडलीस. माझ्या सुनंला जमलं ते मला जमलं न्हाय." दोऱ्याची गाठ तिने जरा जास्तच जोरात आवळली. "मी नातीवर ठेवायचा चिंचोका आप्पांच्या पायाशी ठेवला, बघ."

मनिषा शेजारीच होती. तिने फक्त आपल्या सुपातली कापलेली पाने उचलून सासूच्या सुपात टाकली, म्हणजे माझ्यात. त्या गल्लीत याचा अर्थ सगळ्यांना कळतो. आपण कापलेली पाने देऊन दुसरीचे काम हलके करणे म्हणजे राग सोडणे.

आता शाल्मलीपुढे पेच होता. अहवालावर वरच्या साहेबांची सही झालेली. पायाभरणीचा दिवस ठरलेला. मार्ताबाई निघण्याच्या तयारीत. झालेली चूक आपली होती, हे सांगायला तिलाही भीड वाटत होती. बघा, भीड काही फक्त गल्लीत राहत नाही. कचेरीतही तिची खुर्ची असते. पण शाल्मलीने मार्ताबाईंना फोन केला आणि सगळे सांगितले. मग मार्ताबाई म्हणाल्या, पायाभरणीच्या आधी एक तास मी गल्लीत येऊन बसते. तुम्ही पुन्हा विचारा. पण कसे विचारायचे, ते त्या बायकांना ठरवू द्या.

यल्लव्वाने ठरवले. "उठायचं न्हाय, चालायचं न्हाय. बसल्या जागी काम करायचं. चित्रांकडं आमी का जावं? चित्रंच येऊ देत की आमच्याकडं."

पायाभरणीच्या सकाळी बायका नेहमीसारख्या पोत्यांवर बसल्या. खुर्ची एकही नव्हती. मार्ताबाईसुद्धा पोत्यावर, आणि त्यांच्याही मांडीवर सूप! यल्लव्वाने माझ्यात तीन वाट्या ठेवल्या, एकेका वाटीला एकेक चित्र चिकटवलेले. शेजारी चिंचोक्यांची रास. मी मांडीवरून मांडीवर निघालो. मी मांडीवर आलो की बाईने माझ्यावर पदर पांघरायचा, आत हात घालायचा, हव्या त्या वाटीत चिंचोका टाकायचा आणि मला पुढे सरकवायचे. ज्या पदराने एरवी डोके झाकायचे, त्याच पदराखाली त्या दिवशी प्रत्येकीचे मत सुरक्षित राहिले. कुणी कुठे टाकला, हे फक्त मला माहीत आहे. आणि मी सांगणार नाही. अगदी लाडू दिलात तरी नाही.

फेरी संपली. शेवटच्या बाईने पदर बाजूला केला. सभागृहाच्या वाटीत चार-पाच चिंचोके. शिलाई मशीनच्या वाटीत तेवढेच. आणि पाळण्याची वाटी शिगोशीग भरून तिच्यातले चिंचोके माझ्या अंगावर सांडले होते. मनिषाने दोन्ही हात तोंडावर दाबले. आरोही टाळ्या पिटू लागली. कशासाठी ते तिला कळले नव्हते, पण सगळ्या हसत होत्या ना!

तेवढ्यात हातात नारळ घेऊन अप्पासाहेब आले. गळ्यात उपरणे, मागे हार घेतलेली दोन माणसे. त्यांनी इकडे तिकडे पाहिले. खुर्ची दिसेना.

"ह्ये काय चाललंय?"

शाल्मली उभी राहिली आणि तिने सांगितले. अप्पासाहेबांचा चेहरा उतरला. सभागृहाला आपल्या आईचे नाव द्यायचे त्यांच्या मनात होते. दगडावर ते कोरूनही झाले होते, आणि सगळ्या गल्लीला ते ठाऊक होते.

"पर त्या दिवशी तुमीच चिंचोके ठेवलासा की!" ते म्हणाले. "मी कुनाचा हात धरलोतो का?"

"न्हाय आप्पा," यल्लव्वा म्हणाली. "हात न्हाई धरला. तुमची खुर्ची वाटंत हुती."

"मग खुर्ची सरकवा म्हनायचं न्हाईस व्हय?"

"खुर्चीत तुमी बसलावतासा. तुमाला कसं म्हनायचं?"

कुणीतरी फिस्सकन हसले. मग दुसरी. अप्पासाहेबांनी आधी डोळे वटारले, मग त्यांच्याही मिशा हलल्या. ते बराच वेळ उभे राहिले. बसायला काही नव्हते. शेवटी मनिषाने आपल्या शेजारचे पोते झटकून सरळ केले.

"बसा आप्पा," ती म्हणाली. "तुमचा चिंचोका ऱ्हायलाय."

अप्पासाहेब गुडघ्यांवर हात टेकत पोत्यावर बसले. मला त्यांच्या मांडीवर दिले. मांडीवर सूप येताच त्यांची बोटे आपोआप माझ्या काठावरून फिरली आणि एक विसरलेली गोष्ट बाहेर आली. "आमची आई ह्येच करायची," ते म्हणाले. "मला सुपाच्या बाजूला निजवायची. तोंडावर ओली फडकी टाकायची, धुरळा जाऊ नये म्हनून. त्या फडकीचा वास अजून नाकात हाय बघा माझ्या."

त्यांना पदर नव्हता. त्यांनी उपरणे काढून माझ्यावर पांघरले आणि आत हात घातला.

त्यांनी चिंचोका कुठे टाकला, तेही मी सांगणार नाही. शब्द म्हणजे शब्द. एवढेच सांगतो, की त्यांनी उपरणे बाजूला केले आणि शेजारी ठेवलेला नारळ मनिषापुढे केला. "हं. कुठं फोडायचा, दाव."

"आनि आईचं नाव?" यल्लव्वाने विचारले.

"त्ये तुमी ठरवा. छाट म्हनलासा तर छाट."

यल्लव्वाने मार्ताबाईंकडे पाहिले, शाल्मलीकडे पाहिले, सगळ्या गल्लीकडे पाहिले. आयुष्यभर जो शब्द म्हणायचा राहिला होता तो तिच्या अगदी ओठांवर आला होता. मग ती हसली. "नाव पास," ती म्हणाली. "पोरांच्या डोक्यावर आईचंच नाव पायजे. पर त्ये गुळगुळीत पुस्तक, त्ये छाट!"

त्या दिवशी जो हशा झाला, तो हमरस्त्यावरून कोल्हापूरकडे जाणाऱ्या बसमध्येही ऐकू गेला असेल.

पाळणाघर उभे राहिले. खिडक्या बायकांनी सांगितल्या तिथेच ठेवल्या, म्हणजे पोत्यावर बसून बाळ दिसावे. किल्ली दर महिन्याला वेगळ्या बाईच्या कमरेला असते. आता मनिषा बिड्या वळताना मान वर करते, खिडकीकडे पाहते आणि पुन्हा खाली घालते.

आणि माझे? तोवर मी पार जुना झालो होतो. पट्ट्या सुटल्या होत्या, मधे भोके पडली होती. मला वाटले, आता मला चुलीत घालणार. पण यल्लव्वाने मला गरम पाण्याने तीनदा धुतले, उन्हात वाळवले, मेथीची आणि पिठाची खळ केली आणि भोकांवर चिकटवायला कागद शोधू लागली. "जाड पायजे, टिकंल असा."

शाल्मलीने पिशवीतून तो अहवाल काढून दिला.

"झ्याक कागद हाय," यल्लव्वा म्हणाली आणि टराटर फाडू लागली. इंग्रजीत "एकमताने" असे छापलेला तुकडा माझ्या पोटाच्या भोकावर गेला. आणि माझ्या फोटोचे पान आले पाठीवर. आता मी अगदी घट्ट आहे. माझ्याबद्दल जे चुकीचे लिहिले होते, त्यानेच माझी भोके बुजली.

पाळणाघर उघडायच्या दिवशी मार्ताबाई पुन्हा आल्या. फीत वगैरे कुणी बांधली नाही. आमच्याकडे तान्हे बाळ आधी सुपात निजवतात आणि मग पाळण्यात घालतात. गल्लीतले सगळ्यात लहान बाळ सव्वा महिन्याचे होते. मऊ धडप्यावर ते माझ्यात निजवले. मित्रांनो, माझ्या सगळ्या आयुष्यात इतके हलके आणि इतके मोलाचे काही माझ्यात कधी आले नव्हते. आरोहीने काठ धरून आत डोकावले. ज्या काठावरून तिने एकदा तंबाखू उचलली होती, त्याच काठावरून. "बाळ!" ती म्हणाली. मी मनात म्हटले, मनुबाई, बघतेस ना? ठेवायचे ते ठेवले.

तुम्हीही मोठे व्हाल. कुणी वर्गाचे प्रमुख व्हाल, कुणी साहेब, कुणी परदेशी जाऊन दुसऱ्यांच्या गावाचे भले करायला निघाल. जरूर निघा. पण कुणाला काही विचारायला जाल तेव्हा आधी आपली खुर्ची कुठे आहे ते बघा. ज्याला विचारायचे आहे त्याच्या मांडीपर्यंत प्रश्न न्या, त्याला तुमच्या पुढून चालायला लावू नका. आणि शंभर चिंचोक्यांतला एक वेगळा पडला, तर तो टाकण्याआधी उचलून, उजेडात धरून नीट बघा. घरातल्या जुन्या सुपाकडेही अधूनमधून बघत जा. थोडी खळ, थोडा कागद, एवढेच आम्हाला पुरते.

आता मला पुरे करायला हवे, कारण मुले झोपेतून उठली आहेत आणि गडबड सुरू झाली आहे. अप्पासाहेबांनी ती हातवाली खुर्ची पाळणाघराला देऊन टाकली आहे. मुलांनी तिचे इंजिन केले आहे. आरोही पुढे बसते, बाकीची पोरे मागून ढकलतात, आणि कधी कधी अप्पासाहेबच सगळ्यात मागचा डबा होतात. "कू…!" आरोही ओरडते, आणि मी भिंतीवरच्या खिळ्याला किंचित हलतो, गुंजीच्या रानात हलत असे तसा.